इंग्रजी चौथीतला बाजार

त्या हायस्कुलाच्या शेरेबुकात माझं नाव नाही. इन्स्पेक्टरसाहेबांनी इंग्रजी चौथीबद्दल दोन पानं लिहिली. त्यात वर्गाचं कौतुक आहे, मुलांचं आहे, हेडमास्तरांच्या मार्गदर्शनाचं तर भरपूर आहे. ज्यानं तो वर्ग उभा केला त्याचा उल्लेख 'संबंधित शिक्षक' असा एका ठिकाणी आहे. संबंधित. ही गोष्ट मी इतक्या लोकांना सांगितली आहे की आता मी 'शेरे' म्हटलं की बायको 'बुक' म्हणते आणि उठून आत जाते. तरी लिहून ठेवतो. त्या दोन पानांमुळं माझं बिऱ्हाड सोलापुरात टिकलं, आणि ती लिहिली जाण्याच्या अर्धा तास आधी आपण आपली नोकरी आपल्याच हातानं बुडवली अशी माझी खात्री झाली होती.

माझा जन्म मंगळवेढ्याकडच्या एका वस्तीवरचा. घरी मेंढरं होती आणि थोडी कोरडवाहू जमीन. मराठी शाळा संपल्यावर मी सोलापुरात चुलत्याकडे आलो. तो लोकरीच्या गाठी बाहेरगावी पाठवायचा, आणि रेल्वेच्या मालधक्क्यावर त्या गाठींवर काळ्या रंगानं नंबर घालायचं काम माझं. इंग्रजी मी तिथं शिकलो, आणि भांडून शिकलो. धक्क्यावरचा कारकून मद्रासकडचा. त्याला मराठी येत नव्हती आणि आमची कानडी तो ऐकून घेत नसे. त्यांच्या छपराखाली गाठ भिजली की ती आलीच भिजलेली असं तो कागदावर लिहायचा. ती कोरडी आली होती हे त्याच्या गळी उतरवण्याइतकं इंग्रजी मला एका पावसाळ्यात आलं. पुढं लोकांची पुस्तकं मागून आणली, बाहेरून बसून मॅट्रिक झालो, तेव्हा मला चांगल्या दाट मिशा होत्या. पण माझं खरं इंग्रजी त्या भिजलेल्या गाठींचं. आपलं काही जाणार असेल तर माणूस कुठल्याही भाषेत तोंड उघडतो, एवढं मला तिथं कळलं आणि तेवढ्यावर मी पुढं मास्तरकी केली.

मास्तरकी हंगामी होती. जूनमध्ये ठेवून घ्यायचे आणि एप्रिलच्या शेवटी शिपाई लांब पाकिटातून चिठ्ठी आणायचा, की आपल्या सेवेची आवश्यकता उरलेली नाही. सुट्टीचा पगार वाचवण्याची ती युक्ती होती, हे शाळेतल्या घंटेलासुद्धा माहीत होतं. चिठ्ठी आली की आम्ही खोली सोडायचो, बायको भांडीकुंडी घोंगड्यात बांधायची आणि आम्ही वस्तीवर जायचो. जूनमध्ये परत येऊन मी हेडमास्तरांच्या दारात उभा राहायचो. अशी सहा वर्षं गेली. मधल्या काळात एक बी. ए. झालेले गृहस्थ माझ्यानंतर लागले आणि वर्षात कायम झाले. कवितेचा अर्थ ते फार सुंदर सांगत. त्यांच्या वर्गातल्या एका मुलाला एकदा ताप भरला, तेव्हा पाणी पाहिजे एवढं त्याला इंग्रजीत सांगता येईना आणि वर्गात मराठी बोलायला बंदी होती. पोरगं तसंच बसून राहिलं. हे मी स्टाफरूममध्ये मोठ्यानं बोललो. त्या वर्षी मला चिठ्ठी आठ दिवस आधी आली.

हेडमास्तर माणूस थंड. त्यांचा आवाज कधी चढला नाही. कायम करा म्हटलं की ते म्हणायचे, "बघू." घरी आलो की बायको विचारायची, "काय म्हनले?"

"बघू म्हणाले."

"बघू म्हंजे न्हाय," ती म्हणायची आणि भाकरी थापायला घ्यायची.

माझ्याकडे इंग्रजी चौथी होती, म्हणजे आताची आठवी. चाळीस मुलं, चौदा ते सोळा वर्षांची, या वयात मुलांचे हातपाय वाढतात आणि आवाज फुटतो, त्यामुळं चारचौघांत बोलायला ती आधीच लाजतात. त्यात घरी कुणाची कानडी, कुणाची तेलुगू, कुणाची दखनी, आणि मराठी सगळ्यांची मिळून. भाषांतराच्या पुस्तकातली वाक्यं ती घडाघडा लिहायची. सिंह हा वनाचा राजा आहे. माझा काका आजारी असून त्याची गाय विकली गेली आहे. पण तोंड उघड म्हटलं की चाळीस जण खाली मान घालून अंगठ्यानं फरशी खरडायचे.

मी भाषांतराचं पुस्तक शनिवारच्या शेवटच्या तासाला मिटून ठेवलं आणि वर्गात बाजार भरवला. प्रत्येकानं घरून एक वस्तू आणायची. चाकू, पितळी अडकित्ता, पुडीतली शेंगांची चटणी, मोडकी दौत, काहीही. बाकं भिंतीला लावून मधे वाट करायची, निम्मे विकणारे, निम्मे घेणारे. पैशाच्या जागी चिंचोके. चिंचोके माझ्याकडे पोत्यानं होते, कारण घोंगड्याला खळ द्यायला आमच्याकडे तेच उकळतात. भाव इंग्रजीत करायचा, वस्तूची खोड इंग्रजीत काढायची, भांडायचं तेही इंग्रजीत. आपल्या भाषेतला एक शब्द तोंडातून गेला की एक चिंचोका माझ्या मडक्यात. तास संपताना ज्याच्याकडे चिंचोके जास्त, त्यानं पुढच्या शनिवारी माझ्या खुर्चीवर बसून बाजाराचा मुकादम व्हायचं.

पहिल्या शनिवारी मडकं भरलं आणि बाजार चार शब्दांत आटोपला. मग मी त्यांना सौद्याला लागणारी पंधरा-वीस वाक्यं शिकवली, मालधक्क्यावरची. हे फाटकं आहे. काल याचा भाव कमी होता. तुमच्या शेजाऱ्याकडे स्वस्त आहे. मला वेडा समजलात काय. हे शेवटचं वाक्य मुलांना इतकं आवडलं की ती ते माझ्याशीही बोलू लागली. दिवाळीपर्यंत माझ्या वर्गातला गोंगाट हेडमास्तरांच्या खोलीत ऐकू जायला लागला.

त्या बाजारातले दोन व्यापारी पक्के होते. एक अडत्याचा मुलगा, घरी कानडी बोलणारा, कपाळाला विभूती, बोलणं अगदी मऊ आणि भाव सोडायचा म्हणून नाही. दुसरा विणकराचा मुलगा, तेलुगू घरातला, उंच, काटकुळा. तो दिवाळीनंतर दर शनिवारी बापाच्या मागावरचा एकच पंचा विकायला आणायचा आणि दर शनिवारी तो न विकता घरी घेऊन जायचा, कारण भाव मनासारखा आला नाही. त्या पंच्याची किंमत दहा चिंचोके हे त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. अडत्याचा मुलगा सातच्या वर चढत नव्हता. तीन महिने हा सौदा चालू होता आणि त्या दोघांचं इंग्रजी त्या पंच्यावर वाढलं.

माघ सरता सरता इन्स्पेक्शनची बातमी आली. नवे इन्स्पेक्टर सिंधकडचे होते. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. त्यांना मराठीचा गंध नव्हता, आणि वर्गात आले की वाचून दाखवू नका, मुलांना बोलू द्या, असं ते म्हणत. एका शाळेत भाषांतर ऐकता ऐकता ते उठून गेले होते. हेडमास्तरांनी सगळ्या मास्तरांना बोलावून विचारलं, की कुणाचा वर्ग दाखवावा. कवितावाले गृहस्थ छताकडे बघत होते. मी गप्प बसलो. गिऱ्हाईक अडलं आहे हे दिसत असताना दुकानदारानं आधी बोलायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला एकट्याला बोलावलं.

"मास्तर, शनिवारी तुमच्या वर्गात जो गोंगाट असतो तो इंग्रजीत असतो म्हणे."

"गोंगाट नाही सर. बाजार."

"तेच ते. इन्स्पेक्टरसाहेबांना दाखवता येईल?"

"येईल. मला काय मिळेल?"

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"कायमची ऑर्डर. एप्रिलच्या आत."

"मास्तर, ही शाळा आहे, मंडई नव्हे."

"म्हणूनच सहा वर्षं थांबलो सर. मंडईत सहा मिनिटं थांबलो नसतो."

ते थोडा वेळ चष्मा पुसत राहिले. "आणि मुलं बोललीच नाहीत तर?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण 'बोललीच नाहीत' हे त्यांनी असं म्हटलं की माझं डोकं फिरलं. "नाही बोलली तर जूनमध्ये मी तुमच्या दारात उभा राहणार नाही."

"ठरलं," ते म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले की आपण एक वाक्य जास्त बोललो हे मला तिथंच कळलं.

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी उलटायची थांबली. "पैज लावलासा?"

"पैज न्हवं. सौदा."

"सौदा तुमचा. आन गाटोडं बांदनार मी." एवढं बोलून तिनं भाकरी उलटली.

इन्स्पेक्शन शनिवारी होतं. शुक्रवारी मी रंगीत तालीम घेतली. सगळं ठीक चाललं होतं, तेवढ्यात अडत्याच्या मुलानं चाकू हातात घेऊन सहज विचारलं, "एष्टु?" कानडीत कितीला असं. एरवी एक चिंचोका घेऊन सोडलं असतं. पण त्या दिवशी मला तो चिंचोका दिसलाच नाही. मला घोंगड्यात बांधलेली भांडी दिसली. मी टेबलावर रूळ आपटला आणि म्हणालो, उद्या चिंचोक्याचा दंड नाही. उद्या ज्याच्या तोंडून इंग्रजीशिवाय एक शब्द निघेल त्याचा माल जप्त, आणि साहेब जाईपर्यंत तो उन्हात मैदानावर उभा. चाळीस चेहरे पांढरे पडले. मला वाटलं शिस्त लागली.

शनिवारी साहेब आले. गोरेपान, जाड भिवया, गळाबंद कोट. बरोबर हेडमास्तर. दोघांना खुर्च्या दिल्या. मी इंग्रजीत सांगितलं की या वर्गात दर शनिवारी बाजार भरतो आणि तो आपण आता ऐकाल. 'ऐकाल' या शब्दावर मी मुद्दाम जोर दिला. मग टाळी वाजवली.

काहीच ऐकू आलं नाही.

मुलं जागची हलली. माल हातात, चिंचोके मुठीत, बाकांच्या मधल्या वाटेनं ती फिरत होती, थांबत होती, माल उचलून बघत होती, आणि ओठ घट्ट मिटलेले. एकानं 'गुड मॉर्निंग' म्हटलं आणि पुढचा शब्द कुठल्या भाषेत निघेल या भीतीनं तोंडावर हात ठेवला. बाहेर टांग्याच्या घोड्यानं शेपूट उडवली तेही ऐकू येत होतं.

मग माझं लक्ष विणकराच्या मुलाकडे गेलं. तो पंचा हातावर पसरून उभा होता. अडत्याच्या मुलानं पुढं होऊन त्या पंच्याखाली हात घातला. दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभे राहिले आणि पंचा खालून हळूहळू हलायला लागला.

मला काय चाललंय ते क्षणात कळलं. आमच्याकडे अडतीत आणि जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं धरायची. जितकी बोटं धरली तितके, पंजा धरला की पाच. शेजारच्याला आकडा कळत नाही आणि सौदा होऊन जातो. याला हत्ता म्हणतात. मी स्वतः लहानपणी बापाच्या घोंगड्याखाली हात घालून मेंढ्या विकल्या आहेत. पोरांनी माझ्या नियमातून वाट काढली होती. तोंडच उघडलं नाही तर चुकीचा शब्द निघणार कुठून? आणि आकडा तर मिळतोच. त्या दोघांचं बघून बाकीच्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या, कुणी उपरणं, कुणी दप्तराचं फडकं घेतलं. दोन मिनिटांत सगळ्या वर्गात हत्ता सुरू झाला. चाळीस मुलं जोड्याजोड्यांनी हात झाकून उभी, आणि सगळीकडे शांतता. चिंचोके मात्र फटाफट हात बदलत होते.

हेडमास्तर माझ्याकडे बघत होते. रागानं नव्हे. ज्यानं सौदा जिंकला आहे त्याच्या डोळ्यांनी. माझ्या कानशिलात रक्त चढलं आणि मी ओरडलो, "अरे बोला की रे गाढवांनो."

मराठीत. साहेबांच्या देखत.

सगळे हात फडक्यांखाली थिजले. आणि एरवी पुढच्या बाकावर बसणारं एक लहानखुरं पोरगं पुढं झालं, टेबलाखालचं मडकं दोन्ही हातांनी उचललं आणि अत्यंत गंभीर चेहऱ्यानं माझ्यापुढं धरलं. कालचा नियम त्याला लागू करायचा होता की आधीचा, ते त्यालाही ठरवता आलं नसावं. मी खिशातून चिंचोका काढून त्यात टाकला. दुसरं काय करणार? तो टक् असा वाजला.

साहेब खुर्चीवरून उठले. मला वाटलं निघाले. पण ते दाराकडे न जाता त्या पंच्याकडे गेले, भिवया वर करून थोडा वेळ बघत राहिले, आणि अडत्याच्या मुलाला म्हणाले, "बाजूला हो. मी घेतो." मग कोटाची बाही वर सारून त्यांनी त्या पंच्याखाली हात घातला. पुढचं सगळं बोलणं इंग्रजीत झालं. ते मी मराठीत लिहितो, कारण माझ्या मुलांचं इंग्रजी जसंच्या तसं लिहिलं तर वाचणारा हसेल, आणि त्यांच्यावर हसायचा हक्क मी कुणाला देणार नाही.

पंचा हलला. विणकराच्या मुलानं झटक्यानं हात मागं घेतला, चुलीचा चटका बसल्यासारखा.

"नाही सर," तो म्हणाला. सकाळपासून मुलांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं पूर्ण वाक्य.

"का नाही?" साहेब म्हणाले. "मी तर भरपूर दिले."

"सर, तुम्ही चार दिले."

"मी बारा दिले."

"चार, सर. मला मोजता येतं."

"मुला, बारा. आमच्या गावी उंटांच्या बाजारात मी वडिलांबरोबर लहानपणापासून असाच भाव करत आलोय. एका बोटाला तीन पेरं. चार बोटं धरली म्हणजे बारा."

विणकराच्या मुलानं आपल्या बोटांकडे पाहिलं, मग साहेबांच्या बोटांकडे. तीन महिने सात ऐकून घेतलेल्या पोराला चारचा अपमान सहन होत नव्हता. "सर, हा पंचा माझ्या वडिलांनी विणला आहे. याचे काठ बघा. चारला मी तुम्हाला नुसता काठसुद्धा देणार नाही. मला वेडा समजलात काय?"

हेडमास्तर अर्धवट उठले. साहेबांनी हातानं त्यांना बसा म्हणून खूण केली.

आता अडत्याचा मुलगा पुढं सरकला. बापाच्या पेढीवर दोन व्यापाऱ्यांत लागलं की बाप जसा मधे पडत असेल, तसा तो पडला. आवाज तसाच मऊ. "सर, रागावू नका. आपण सोलापुरात आहात. इथं सोलापूरचा हात. बोट म्हणजे बोट. पेरं मोजत नाहीत."

"पण मी सिंधचा आहे. माझा हात सिंधचा."

"बरोबर आहे सर." त्यानं क्षणभर विचार केला. "मग असं करू या. आपण विकत घेताना आपल्या हातानं द्या, आणि आम्हाला काही विकलंत तर आमच्या हातानं घ्या."

दोन्ही सौद्यांत आपणच बुडणार, हे साहेबांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना बाकाला धरावं लागलं. आणि त्या हसण्यानं वर्गाचं कुलूप निघालं. हा नियम अन्यायाचा आहे असं दखनी बोलणाऱ्या एका मुलानं मागून सांगितलं, कारण त्याचा बाप बकऱ्यांचा व्यापारी आणि त्यांच्याकडे अंगठा मोजत नाहीत. दुसरा म्हणाला मोजतात. तिसऱ्यानं साहेबांना विचारलं की उंटाचे दात आधी बघतात की पाय. साहेब म्हणाले दात. पोरगं म्हणालं, मग तुम्ही पंच्याचे काठ का नाही पाहिले? चाळीस मुलं साहेबांभोवती गोळा झाली, बोटं नाचवत, एकमेकांना ढकलत, मोडकंतोडकं, उलटंसुलटं, पण इंग्रजीत. सगळ्या वर्गाची मराठी साहेबांना येतच नव्हती, मग करतात काय? आणि मैदानावर उभं राहायची भीती कुणाला आठवतसुद्धा नव्हती. मी मडक्याजवळ उभा होतो. तिथंच टेबलाच्या कडेवर टेकलो.

पंचा शेवटी साहेबांनी दहाला घेतला, सोलापूरच्या हातानं, दोन पंजे. चिंचोके त्यांनी माझ्याकडून घेतले. विणकराच्या मुलानं ते मोजून घेतले. साहेबांनी पंचा कोटाच्या खिशात घालायला घेतला तेव्हा तो अडखळला, कारण बाजार संपला की माल ज्याचा त्यानं घरी न्यायचा असा आमचा रिवाज होता आणि तो साहेबांना कोण सांगणार? त्यानंच सांगितलं. साहेबांनी पंच्याची नीट घडी करून त्याच्या हातात दिली.

टांग्यात बसताना साहेब मला म्हणाले, की पावसाळ्यात मी दुसऱ्या शाळांचे मास्तर घेऊन येईन, हे त्यांना बघू दे. त्याआधी हेडमास्तरांच्या खोलीत बसून त्यांनी जी दोन पानं लिहून ठेवली होती, त्यांत मी संबंधित झालो. हेडमास्तरांनी त्यांना माझं नाव सांगितलं नसावं, नाहीतर साहेब विसरणारे नव्हते. हे मी आजही हेडमास्तरांना माफ केलेलं नाही.

टांगा गेल्यावर मी त्यांच्या टेबलापुढं उभा राहिलो.

"सर, ऑर्डर."

"मास्तर, वर्ग चांगला झाला. म्हणजे शेवटी चांगला झाला. पण कमिटीपुढं ठेवायला हवं. जूनमध्ये बघू."

रूळ हाताशी असता तर काय झालं असतं सांगता येत नाही. पण सकाळी एकदा ओरडून मी काय मिळवलं होतं ते ताजं होतं. मी श्वास घेतला. "ठीक आहे सर. पावसाळ्यात साहेब पाहुणे घेऊन येणार आहेत. त्यांच्यापुढं बाजार कोण भरवणार, तेही जूनमध्ये बघू. कवितेचे सर भरवतील कदाचित."

त्यांनी कागद पुढं ओढला. मग त्यांनी टाक दौतीत बुडवला. शिफारस माझ्यासमोर लिहिली. मी ती वाचून मगच खोलीबाहेर पडलो.

शिफारस म्हणजे ऑर्डर नव्हे. मार्च गेला. एप्रिल आला, परीक्षा झाली, पेपर तपासले. कमिटीची सभा झाली की नाही ते कुणी सांगेना. बायकोनं माझ्यावर भरवसा न ठेवता दरवर्षीप्रमाणं घोंगडं पसरलं, तवा, पातेली, काठवट त्यावर रचली आणि गाठ मारली.  

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी शिपाई आला. तोच शिपाई, तसंच लांब पाकीट. त्यानं ते माझ्या हातात दिलं आणि नेहमीसारखा घाईनं गेला. सहा वर्षं मी ती पाकिटं दारातच फाडत आलो होतो, पण त्या दिवशी ते तसंच घेऊन आत आलो. ते जाड आहे की पातळ, एवढंच मी चाचपत बसलो.

"फोडा की," बायको म्हणाली. "बांदून तर ठिवलंय."

मी फोडलं. कागद दुमडलेला होता. वरचं दोन ओळींतलं शाळेचं नाव-गाव वाचलं, मग खालची सही वाचली, मग मधलं. इंग्रजीत होतं. मी ते तिला मराठीत सांगायला लागलो, 'कायम...' तिला पहिला शब्दच पुरला. ती गाठोड्यापाशी जाऊन बसली आणि गाठ सोडायला लागली. गाठ तिनं इतकी घट्ट मारली होती की सुटेना, तेव्हा मी दातानं ओढली. तवा बाहेर काढून तिनं चुलीवर ठेवला. जेवणाची वेळ नव्हती, तरी ठेवला.

"आता शेरेबुकाचं नाव काडू नका," ती म्हणाली.

मी कबूल केलं. ते पाळलं नाही, हे हा मजकूर वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल.

सोलापुरात मी पोरवयातच आलो होतो, पण लग्न झाल्यापासून वैशाख कधी तिथं काढला नव्हता. त्या वर्षी काढला. दुपारी पत्रा असा तापायचा की खोलीत बसवत नव्हतं, मडक्यातलं पाणी संध्याकाळपर्यंत कोमट व्हायचं आणि गिरणीचा भोंगासुद्धा दमल्यासारखा वाजायचा. मी दिवसभर उघड्या अंगानं दारात बसून या गावाच्या उन्हाला नावं ठेवत होतो. शेजारी म्हणाले, मास्तर, सहन होत नसेल तर गावी जाऊन या की. मी म्हणालो, का जाऊ? मला इथं राहायचा पगार मिळतो.